पाचावरचा उंचवटा

भूपाल मगदूमचा हात स्टुडिओत सदतीस ठिकाणी काम करत होता. त्यातल्या एकाही ठिकाणी भूपाल स्वतः बसलेला नव्हता.

“रेश्मा, चाळीस नंबरच्या शॉटला भूपाल लाव गं.”

“लावला. कानामागं केस फाटतायत.”

“परत लाव. दुसऱ्या खेपेला धरतो तो.”

असं दिवसभर चालायचं. भूपाल लावणं म्हणजे कीबोर्डवरचं एफ-नऊ हे बटण दाबणं. कोपऱ्यातल्या आपल्या टेबलावर भूपालच्या कानावर हे पडलं की तो तिथूनच ओरडायचा, “अरं हळू लावा, मलम संपंल!” आणि सगळा मजला हसायचा. गेल्या वर्षी लागलेल्या एका मुलीला तर दोन महिने वाटत होतं, की भूपाल हे त्या प्रोग्रॅमचं नाव आहे.

प्रोग्रॅम सुनीती कुंभोजेने लिहिला होता.

स्टुडिओ कोल्हापूरच्या बाहेर औद्योगिक वसाहतीत होता, एका फाउंड्रीला भिंत लागून. खाली पार्सलचं गोदाम आणि वर हे सत्तर टेबलांचं दालन. जगभरातल्या सिनेमांची दृश्यं इथे कापायला यायची. नट विटांच्या भिंतीसमोर उभा असेल आणि सिनेमात तो समुद्रासमोर हवा असेल, तर आधी त्याला भिंतीपासून सोडवावं लागतं. त्याच्याभोवती एक बंद रेघ काढायची, आणि सेकंदाला चोवीस चित्रं असतात म्हणून ती चोवीस वेळा काढायची. या धंद्यात याला रोटो म्हणतात. चेहरा, खांदे, कोट हे सगळं यंत्र केव्हाच कापायला शिकलं होतं. ते अडखळायचं ओल्या केसांशी, वाऱ्यावर उडणाऱ्या पदराशी, वेगामुळे पुसट झालेल्या बोटांशी. कारण तिथे कड चित्रात नसतेच. बोट कुठे संपलं आणि हवा कुठे सुरू झाली हे कुणीतरी ठरवावं लागतं.

भूपाल ते बावीस वर्षं ठरवत आला होता. त्याआधी तो बोर्ड रंगवायचा. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं. सुनीती पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून अकरा वर्षांपूर्वी इथे छोटे-मोठे प्रोग्रॅम लिहायला लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने तिला आपल्या शेजारी बसवून एका शेळीचा कान कापायला लावला होता. चार दिवस तोच कान.

“मला प्रोग्रॅम लिहायला घेतलंय,” ती वैतागून म्हणाली होती.

“हाताला कळल्याबिगर यंत्राला काय सांगणार तू, मास्तरीण?”

पाचव्या दिवशी कान जमला. त्या दिवसापासून तो तिचा भूपालदा झाला, आणि ती त्याची मास्तरीण राहिली.

चार वर्षांपूर्वी तिने त्याचा हात शिकवायला घेतला. तेव्हाचा विचार सरळ होता. एका शॉटला भूपालला दोन दिवस लागतात. त्यातले नऊ दशांश निर्णय तो न बघता घेतो. ते यंत्राने उचलले, तर त्याला उरलेल्या एक दशांशाकडे बघायला वेळ मिळेल. चित्र काढायच्या टॅब्लेटला पेन कुठे आहे हे सेकंदाला दोनशे वेळा कळतं, आणि पेन काचेपासून सेंटिमीटरभर वर नुसतं थांबलेलं असलं तरी कळतं. तिने ही सगळी नोंद साठवायला सुरुवात केली. रेघा, आणि दोन रेघांमधलं थांबणंही. कारण थांबण्यातच तो ठरवत असतो.

नोंद साफ करावी लागली. इथे तिने या धंद्यातली जुनी रीतच वापरली. कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रात एक बारीक दाणा असतो, त्याला ग्रेन म्हणतात. काम सुरू करण्याआधी तो काढून घेतात, नाहीतर प्रत्येक चित्रात कड वेगळी दिसते. मात्र काढलेला ग्रेन कुणी फेकत नाही. तो जपून वेगळा ठेवतात आणि सगळं काम संपल्यावर शेवटी परत घालतात. ग्रेन नसलेलं चित्र मेणाचं दिसतं. सुनीतीने भूपालच्या हाताची बारीक थरथर अशीच काढून घेतली आणि सवयीने ‘हाताचा ग्रेन’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली. दररोजची वेगळी.

निरोगी हातही थरथरतो. सेकंदाला आठ ते बारा वेळा, डोळ्याला दिसणार नाही इतका. सुनीतीने ते वाचलं होतं आणि भूपालच्या थरथरीच्या आलेखात आठ ते बाराच्या मध्ये तसा पसरट फुगवटा होताही. सात महिन्यांनी मात्र पाचाच्या आकड्यावर एक वेगळा, अरुंद उंचवटा दिसायला लागला. त्याच सुमाराला भूपालने कापलेल्या कडा अगदी किंचित हलल्यासारख्या दिसतात अशी एका गिऱ्हाइकाची तक्रार आली. सुनीतीने विचार केला. हात आठ ते बारा वेळा हलतो. हे पाच आहे. म्हणजे हे हाताचं नाही, बाहेरचं आहे. भूपालचं टेबल भिंतीला लागून होतं, आणि भिंतीपलीकडे फाउंड्रीत साचे हलवून वाळू झाडायचं यंत्र दिवसभर धडधडायचं. तिने प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. रेघ स्क्रीनवर उमटण्याआधीच पाचावरची थरथर वजा होऊन त्या फोल्डरमध्ये जमा व्हायला लागली. वाढवलेल्या ओळीशेजारी तिने टीप लिहिली: शेजारची फाउंड्री. काढून टाकणे.

तक्रारी थांबल्या. भूपाल म्हणाला, “आता कसं, लोण्यागत चालतंय पेन.”

*

“अक्षरं शेवटाला बारीक झाली, साहेब.”

डॉक्टर इनामदार ऐकत होते. मेंदूविकारांचे तज्ज्ञ, पन्नाशीचे, बोलताना पेनाचं टोपण काढ-घाल करायची सवय. समोर भूपाल, त्याची बायको पद्मावती आणि त्यांना गाडीतून घेऊन आलेली सुनीती.

“मेहुण्याच्या डेअरीचा बोर्ड करून दिला. बऱ्याच वर्सांनी ब्रश धरला. ‘दूध’ एवढं मोठं आलं, आणि ‘डेअरी’पर्यंत जाता जाता उंदराएवढं. मेहुणा म्हणतोय, दाजी, रंग संपला काय?”

“आणि हात कधीपासून थरथरतो?”

“झालं असतील चार-पाच महिने.”

पद्मावहिनींनी त्याच्याकडे बघितलं आणि परत डॉक्टरांकडे बघितलं.

तपासणी अर्धा तास चालली. बोटांची टपटप, मनगट फिरवणं, दालनात चालून दाखवणं. मग डॉक्टरांनी सांगितलं. कंपवात. मेंदूच्या तळाशी घेवड्याच्या दाण्याएवढा एक भाग असतो. तिथल्या पेशी हालचाल सुरळीत ठेवणारं एक रसायन तयार करतात. या आजारात त्यांच्या आत एक प्रथिन चुकीचं दुमडून त्याच्या गुठळ्या होतात, आणि पेशी मरत जातात.

“आता यावर औषध आहे,” ते म्हणाले. “वीस महिन्यांपूर्वी आलं. ते गुठळ्यांना जाऊन चिकटतं आणि शरीरातल्याच सफाई करणाऱ्या पेशींना बोलावतं. आजार जिथे आहे तिथे थांबतो. मागे जात नाही, पण थांबतो. मात्र एक अट आहे. पहिल्या लक्षणापासून दोन वर्षांच्या आत सुरू करावं लागतं.”

“का?” सुनीतीने विचारलं.

“उशीर झाला की गुठळ्या फार आणि पेशी थोड्या, असं होतं. सफाईवाले इतक्या संख्येने येतात, की गुठळ्यांबरोबर उरलेल्या चांगल्या पेशीही जातात. चाचण्यांमध्ये दोन वर्षांच्या पुढच्या रुग्णांपैकी तिघांतल्या एकाचं सहा महिन्यांत चालणं तरी गेलं, नाहीतर गिळणं. बाकी दोघांना तोटा झाला नाही. फायदाही झाला नाही.”

“आमचं पाचच महिने हाय,” भूपाल म्हणाला.

“उत्तम. पण मंजुरी मुंबईची समिती देते. अर्जात पहिलं लक्षण कोणत्या महिन्यात हे लिहावं लागतं, आणि शक्य तर पुरावा. जुनं हस्ताक्षर, लग्नाबिग्नातला व्हिडिओ, काहीही. स्कॅनवरून नेमकं कळत नाही.”

सुनीतीचा चेहरा उजळला. तिला तो उजळलेला नंतर पुष्कळदा आठवला.

“माझ्याकडे आहे नोंद,” ती म्हणाली. “यांच्या हाताची. चार वर्षांची, रोजची. सेकंदाला दोनशे वेळा.”

डॉक्टरांच्या हातातलं टोपण थांबलं. “रोजची?”

“बघ,” भूपाल बायकोला म्हणाला. “म्हटलं न्हवतं? मास्तरीण हाय बरोबर.”

*

सोमवारी स्टुडिओला सुट्टी असायची. सकाळी दहाला सुनीतीने कुलूप उघडलं, तेव्हा शेजारची फाउंड्रीही दर सोमवारसारखी बंद होती. इतक्या शांततेत दालन नेहमीपेक्षा मोठं वाटत होतं. तिने फोल्डर उघडलं. काम सोपं होतं. गेल्या पाच महिन्यांत थरथर सुरू झाल्याचं दिसेल, त्याआधीचे महिने कोरे दिसतील, एक आलेख छापला की झालं.

आठ ते बारावरचा फुगवटा चारही वर्षं जवळपास तसाच होता. पाचावरचा उंचवटा वाढत आला होता. पहिले सात महिने काही नाही. मग टाचणीच्या डोक्याएवढा. मग वाटाण्याएवढा. गेल्या वर्षापासून पडद्याच्या वरच्या कडेला टेकलेला.

फाउंड्रीचं यंत्र जुनं होत चाललंय, असा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला. तिने तो येऊ दिला नाही. मग दिला.

काम तुंबलं की स्टुडिओ अधूनमधून सोमवारीही चालायचा. अशा सोमवारांच्या नोंदी तिने वेगळ्या काढल्या. तीन वर्षांत एकोणीस सोमवार होते. फाउंड्री बंद, यंत्र बंद, भिंत शांत. एकोणिसांच्या एकोणीस दिवशी उंचवटा पाचावर होता.

त्याच भिंतीला लागून रेश्माचं टेबल होतं. तिच्या पेनाच्या नोंदी सुनीतीने उघडल्या. तिथे उंचवटा कधीच नव्हता.

दहा मिनिटं लागली. तेव्हाही दहाच मिनिटं लागली असती. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही सांगावं लागत नाही, की बाहेरचं म्हणायच्या आधी बाहेरचं बंद करून बघ.

मग तिने थांबण्याच्या नोंदी वेगळ्या काढल्या. रेघ ओढताना उंचवटा लहान असायचा. पेन काचेवर अधांतरी धरून भूपाल ठरवत असायचा तेव्हा तो सगळ्यात उंच व्हायचा. हा आजार हात निवांत असताना जास्त दिसतो, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं.

सुरुवात एकेचाळीस महिन्यांपूर्वी. औषध वीस महिन्यांपूर्वी आलं. म्हणजे औषध बाजारात आलं त्या दिवशी भूपालदाकडे तीन महिने शिल्लक होते. त्या तीन महिन्यांत सुनीती रोज याच दालनात, त्याच्यापासून चार टेबलं लांब बसून एफ-नऊचा वेग वाढवत होती.

*

भूपालचं घर हातकणंगल्याच्या रस्त्याला होतं. मागच्या पडवीत तो पत्र्याच्या तुकड्यावर ब्रशने उभ्या रेघा ओढत बसला होता. सुनीतीला बघून त्याने ब्रश डब्यात टाकला.

“काय मास्तरीण, छापलं का आमचं प्रगतिपुस्तक?”

तिने कागद पुढे केला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. पाचावरचा उंचवटा, फाउंड्री, सोमवार, एकेचाळीस महिने. बोलताना ती आकडे नीट सांगत होती, कारण आकडे सोडले असते तर तिला बोलता आलं नसतं.

भूपालने डब्यातला ब्रश काढून फडक्याला पुसला.

“घरी कळत व्हतं मला,” तो म्हणाला. “चहाचा कप वाजायचा बशीवर. दोन वर्सं तरी झाली असतील.”

“मग दाखवलं का नाही, दादा?”

“कामाला बसलं की थांबायचं गं. पेन धरलं की रेघ सरळ. कशी तर दोरी लावल्यागत. म्हटलं, आजार असता तर कामातबी दिसला असता. ज्या हाताला रेघ सरळ येत्या, तो हात आजारी कसा असंल?” त्याने आपला उजवा हात उचलून समोर धरला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, गोळी वळल्यासारखी. “ते तू करत व्हतीस व्हय.”

आतून पद्मावहिनी ताकाचे दोन पेले घेऊन आल्या. त्यांनी ऐकलं होतं. पेले खाली ठेवून त्या दाराशीच थांबल्या.

“बरं,” भूपाल म्हणाला, “अर्जात पाच महिनेच जाईल. मी सांगितलंय तसं.”

“दादा, दोन वर्षांच्या पुढे ते औषध...”

“ऐकलंय मी. तिघांतला एक. म्हणजे दोघं वाचत्यात.”

“वाचत नाहीत. त्यांना काही होत नाही. चांगलंही होत नाही.”

“तुला काय म्हाईत? माझं डोकं बघितलंयस उघडून? माझ्या पेशी बाकीच्यांपेक्षा जास्त शिल्लक असतील. लहानपणापासून म्हशीचं दूध प्यालोय.” तो हसला, पण एकटाच. “डॉक्टरच म्हणाला, स्कॅनमधी नेमकं कळत न्हाई. कळतंय फक्त तुझ्या त्या फोल्डरमधनं. ते उडव. एक बटण तर हाय.”

“मला नाही उडवता येणार.”

“न्हाई येणार, का न्हाई उडवणार?”

तिने हातातला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

“माझा हात घेतलास,” भूपाल आवाज न चढवता म्हणाला. “मी दिला, आनंदानं दिला. आज सदतीस टेबलांवर लावत्यात मला. थरथर तेवढी मला ठेवलीस. आता मी आपल्या जिवाचा जुगार खेळतो म्हटलं, तर त्यातबी तू मधी.”

“खेळ नाही आहे तो. तिघांतल्या एकाचं गिळणं जातं, दादा. नळीनं खावं लागतं.”

“आणि औषध न घेता किती वर्सांनी जातंय?”

“आठ. दहा. सांगता येत नाही.”

“म्हणजे जाणारच.”

“बहुतेक.”

“मग फरक काय सांगतीस गं मला?” तो म्हणाला आणि पत्र्याचा तुकडा उपडा करून ठेवला.

ताक तसंच राहिलं.

*

गुरुवारी डॉक्टरांकडे भूपालच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. बटणं पद्मावहिनींनी लावली होती, हे सुनीतीला वरच्या बटणावरून कळलं. ते बटण तो कधी लावत नसे.

“नोंद मिळाली का?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुठली मिळतीय साहेब,” भूपालच बोलला. “डिलीट झाली म्हणे. कॉम्प्युटरचं काय खरं न्हाई.” आणि त्याने सुनीतीकडे बघितलं. त्या बघण्यात धाक नव्हता. शेळीच्या कानाच्या वेळी तो जसा बघायचा तसा बघत होता: धर, हलवू नको, एवढंच.

तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

“ठीक आहे,” डॉक्टर म्हणाले. “मग तुमच्या सांगण्यावरून लिहू. पाच महिने. म्हणजे महिना कोणता येतो...” त्यांनी अर्ज पुढे ओढला, टोपण काढलं.

सुनीतीने मनात हिशोब मांडला, आयुष्यभर मांडत आली तसा. औषध दिलं तर तिघांतला एक, सहा महिन्यांत. नाही दिलं तर तिघांतले तिघे, हळूहळू. दोन्ही बाजूंना फायद्याच्या रकान्यात शून्य होतं. फरक फक्त एका गोष्टीचा होता: दिलं, तर पुढचे सहा महिने भूपालदा आशेवर असेल. आशेला कोणतं एकक लावायचं हे तिला माहीत नव्हतं. आणि त्या सहा महिन्यांच्या शेवटी तो पाण्याचा घोट घेताना ठसकला, तर तो घोट तिच्या गप्प बसण्याने अडलेला असेल. उंचवटा पाहून एकदा ती गप्प बसली होती.

“नोंद आहे,” ती म्हणाली. “एकेचाळीस महिने.”

तिने पर्समधून कागद काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो वाचला, परत वाचला, आणि मग टोपण पेनाला लावलं. ते लावल्याचा टक् आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला. ते समजुतीचं बरंच काही बोलले. लक्षणं कमी करणाऱ्या जुन्या गोळ्या आहेत, व्यायाम आहे, बोलण्याचे व्यायाम आहेत. भूपाल मान डोलावत होता. त्याचा उजवा हात मांडीवर होता. तो लपवायचं त्याने आता सोडून दिलं होतं.

बाहेर गाडीपाशी त्याने मागचं दार उघडलं नाही.

“आम्ही एस.टी.नं जातो,” तो म्हणाला आणि चालायला लागला. त्याची पावलं आखूड पडत होती. डेअरीच्या बोर्डावरच्या अक्षरांसारखी.

पद्मावहिनी क्षणभर मागे राहिल्या.

“खरं बोललीस,” त्या म्हणाल्या. “तुला दुसरं जमलं नसतं. मला ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं.” त्यांनी पदर खांद्यावर घट्ट घेतला. “रोज सकाळी उठून औषधाला जायचंय म्हणून दाढी तरी केली असती त्यांनी. आता घरी येऊ नकोस, बाई. राग नाही माझा. पण येऊ नकोस.”

*

भूपालने राजीनामा मेहुण्याच्या हाती पाठवला. खालची सही इतकी बारीक होती, की मालकांना चष्मा घालावा लागला. मालक हळहळले. माणूस सोन्यासारखा होता, म्हणाले, आणि त्याच आठवड्यात हैदराबादच्या शाखेतही तो प्रोग्रॅम बसवायला सांगितलं. आता भूपालचा हात एकशे बारा ठिकाणी काम करत होता. मलम संपेल असं ओरडणारं मात्र कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे लोक ‘भूपाल लाव’ म्हणायचे आणि त्यावर कुणी हसायचं नाही.

सुनीती भूपालच्या टेबलावर बसायला लागली. का, ते कुणी विचारलं नाही.

पावसाळा संपताना एक सिनेमा आला. त्यातला आठव्या नंबरचा शॉट चार सेकंदांचा होता. एक म्हातारी नदीत वाकून ओंजळीत पाणी घेते, आणि पाणी बोटांमधून निथळत असतानाच उठून उभी राहते. ओली बोटं, निथळतं पाणी, पुसट कडा. जुन्या दिवसांत हा शॉट भूपालने कुणालाच दिला नसता. सुनीतीने एफ-नऊ दाबलं. नऊ सेकंदांत शहाण्णव चित्रं कापून झाली. तिने ती चालवून बघितली. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. बोटं मेणाची दिसत होती.

काम संपलं, की काढून घेतलेला ग्रेन परत घालायचा. रीत तशी होती.

तिने ‘हाताचा ग्रेन’ उघडला, अखेरच्या महिन्यातली एक दुपार निवडली आणि ती म्हाताऱ्या बोटांच्या कडेवर बसवली. मग शॉट पुन्हा चालवला. सेकंदाला पाच वेळा, अर्ध्या बिंदूने, रेघ हलत होती. नीट बघितल्याशिवाय कळत नव्हतं. पण आता ओंजळ पेलताना त्या बाईला कष्ट पडत होते, आणि उभं राहताना पाणी सांडू नये म्हणून ती जपत होती. सुनीतीने शॉट अकरा वेळा बघितला. मग तो तसाच पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा येऊन गेल्यावर पलीकडून रेश्माची हाक आली.

“मॅडम, आठ नंबर परत आलाय. कडा थरथरतायत म्हणे, गुळगुळीत करून पाठवा. आजच पाहिजे त्यांना. भूपाल लावू?”

भिंतीपलीकडे वाळू झाडायचं यंत्र सुरू झालं होतं. सुनीतीने दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवले आणि डोळे मिटून वाट बघितली. यंत्र धडधडत होतं. टेबल स्थिर होतं. त्याच्यावर कसलाच कंप येत नव्हता, चार वर्षांपूर्वीही येत नसणार.

“मॅडम?”

“लाव,” सुनीती म्हणाली.

रेश्माने बटण दाबलं. या वेळी पहिल्याच खेपेला धरलं.